एका घराची दोन घरं

सेनगावच्या त्या ऑफिसात मला बसायला खुर्ची मिळायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी जे केलं त्यात त्या खुर्चीचा वाटा मोठा आहे. लोखंडी खुर्ची, प्लास्टिकच्या पट्ट्यांची, एक हात मोडलेला. पण मी जीपमधून उतरून आत आलो की कोणीतरी ती पुसून पुढं करायचं आणि "बसा साहेब" म्हणायचं. माझ्या मामानं असल्या ऑफिसात कधी बूड टेकवलं नव्हतं. तो दाराशी चपला काढायचा आणि आतला माणूस मान वर करेपर्यंत भिंतीला धरून उभा राहायचा. लहानपणी मी त्याच्या मागं उभं राहून हे बघितलेलं. त्यामुळं त्या मोडक्या खुर्चीचं मला फार अप्रूप होतं, आणि ती जाऊ नये म्हणून माणूस किती खाली उतरू शकतो हे मला तिथंच कळलं.

मी मामाकडं वाढलो, साखऱ्याला. आई-बाबा वीटभट्टीवर जायचे. पाऊस संपला की निघायचे ते उन्हाळा सरता सरता परतायचे. मी मोठा, शाळेत जरा बरा, म्हणून मला मामा-मामीकडं ठेवलं. धाकट्या भावाला आईशिवाय करमायचं नाही, म्हणून तो त्यांच्यासोबत गेला. एवढाच काय तो फरक. चौदा एप्रिलला आई-बाबा काहीही करून दोन दिवस गावी यायचे. तेव्हा आम्ही दोघं भाऊ एका ताटात जेवायचो. मग तो पुन्हा भट्टीवर आणि मी पुन्हा शाळेत. मी दहावी झालो, नांदेडला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. तो विटा थापायला शिकला. जे लेकरू सोबत जातं ते शिकत नाही, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. हिंगोली वेगळा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी औरंगाबादला एका लहानशा कंपनीत लागलो होतो. कंपनी म्हणजे एका दुकानाच्या वरची खोली, तीन कॉम्प्युटर आणि मालक. आमच्याकडं हिंगोलीच्या एका संस्थेचं काम आलं. ऊस तोडायला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी ही संस्था हंगामी वसतिगृहं चालवायची. एक सेनगावला, एक जवळा बाजारला. दिवाळी झाली की आई-बाप ट्रकमध्ये बसून पश्चिमेकडं जायचे, आणि ते परत येईपर्यंत लेकरं वसतिगृहात राहून शाळा करायची. आधी सगळं कागदावर चालायचं. फॉर्मांचे गठ्ठे एसटीनं हिंगोलीला जायचे. आता सेनगावच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर आला होता. फॉर्म त्याच्यावर भरायचा, तो फोनच्या तारेतून हिंगोलीच्या मोठ्या कॉम्प्युटरकडं जायचा, आणि कोणतं लेकरू कोणत्या वसतिगृहात हे तो मोठा कॉम्प्युटर ठरवायचा. मोठा तो सर्व्हर, सेनगावचा तो क्लायंट, आणि त्यांचं आपसात जे बोलणं चालायचं ती वेब सर्व्हिस. हा शब्द तेव्हा नवा होता. मालकानं तो व्हिजिटिंग कार्डावर छापून घेतला होता आणि मी गावात गेलो की दोन-तीनदा तरी तोंडातून काढायचो.

संस्थेचे सचिव म्हणजे निवृत्त मास्तर. कडक, पण मनानं चांगला माणूस. पहिल्याच बैठकीत त्यांनी मला एक नियम वहीत लिहायला लावला. एका घरची लेकरं एकाच वसतिगृहात राहतील, बहीणभाऊ तोडायचे नाहीत. "बाकी तुमचं मशीन काय करतं ते करू द्या साहेब," ते म्हणाले, "पण हे बराबर झालं पाहिजे." मी म्हणालो, यात काय अवघड आहे?

सेनगावचा कॉम्प्युटर एक ताई चालवायच्या. जवळच्याच तांड्यावरच्या. बारावी झालेली तांड्यातली पहिली मुलगी, टायपिंगची परीक्षा पास. त्या फॉर्म भरताना समोरच्या माणसाला पुन्हा विचारून घ्यायच्या, आणि तांड्यातलं कोणी असलं तर त्यांच्या बोलीत विचारायच्या. एका फॉर्मला पंधरा-पंधरा मिनिटं लागायची, पण भरलेल्या फॉर्मात मला कधी चूक सापडली नाही. मी कामाला आलो की मला खुर्ची पुसून देणाऱ्या बहुतेक वेळा त्याच असायच्या.

आता ती चूक कशी झाली ते सांगतो. यंत्राची गोष्ट आहे, पण समजायला सोपी आहे.

ताईंच्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक लेकराची एक नोंद होती आणि प्रत्येक घराची एक. लेकराच्या नोंदीला घराचा धागा बांधलेला, आणि घराच्या नोंदीला त्याच्यातल्या सगळ्या लेकरांचे धागे. दोन बहिणी असल्या तर दोघींचे धागे एकाच घराकडं जायचे. हा धागा म्हणजे प्रत्यक्षात काय, तर अमुक खणात बघ, एवढाच निरोप. तो खण ताईंच्या कॉम्प्युटरमध्ये. हिंगोलीला तो खण नाही. म्हणून तारेतून पाठवताना धागा पाठवून चालत नाही, सगळं उलगडून लिहावं लागतं. ही मुलगी, तिचं घर हे, त्या घरात लेकरं कोणती, तर ही मुलगी, तिचं घर हे, त्या घरात लेकरं कोणती... एसटीत एखादा म्हातारा विचारतो, तू कोणाचा? अमक्याचा भाचा. अमका कोण? माझा मामा. तसं आमचं यंत्र गोल गोल फिरत राहायचं आणि शेवटी बंद पडायचं.

यावर खरा उपाय मला ठाऊक होता. पाठवताना प्रत्येक घराला एक क्रमांक द्यायचा. घर पहिल्यांदा आलं की पूर्ण लिहायचं, पुन्हा आलं की नुसता क्रमांक. आणि हिंगोलीच्या बाजूला ते क्रमांक बघून धागे पुन्हा बांधायचे. आठ-दहा दिवसांचं काम होतं. मालक म्हणाला, परवा दाखवायचं आहे. मी दुसरा उपाय काढला. घराकडून लेकरांकडं जाणारा धागा पाठवायचाच नाही, असं एका ओळीत लिहून टाकलं. एक ओळ! यंत्र फिरायचं थांबलं. प्रत्येक लेकरू आपापलं घर सोबत घेऊन तारेतून जायला लागलं आणि हिंगोलीला सुखरूप पोहोचायला लागलं. मालकानं पाठ थोपटली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

प्रत्येक लेकरू आपापलं घर घेऊन जातं याचा अर्थ मी तेव्हा नीट लक्षात घेतला नाही. दोन बहिणी गेल्या तर एकच घर दोनदा जातं, आणि पलीकडच्याला कळायला मार्ग नाही की हे तेच. तो दोन घरं मांडून ठेवतो. एका बापाचे दोन बाप होतात आणि बहिणी एकमेकींच्या कोणी राहत नाहीत.

हे चाचणीत सापडायला हवं होतं. चाचणीला मी माझंच घर घातलं होतं. मामा, मामी आणि एक लेकरू, मी. एक घर, एक मूल. सगळं बिनचूक चाललं. भावाचं नाव घातलं असतं तर त्याच दुपारी चूक उघडी पडली असती. पण घरात कोण कोण असं स्वतःशी म्हणताना मला तो आठवलाच नाही. डिप्लोमाच्या फॉर्मावर, बँकेच्या फॉर्मावर मी इतकी वर्षं असंच लिहीत आलो होतो. एका घरची लेकरं दोन ठिकाणी वाढतात हे ज्याला भोगून माहीत होतं, त्या माझ्याकडूनच हे सुटलं. पुण्या-मुंबईकडच्या एखाद्याकडून सुटलं असतं तर मी त्याला चार शिव्या घातल्या असत्या.

पहिल्या काही याद्या नीट लागल्या. कारण सगळ्यांना आधी सेनगावच मिळत होतं. बहीण-भाऊ वेगवेगळ्या घरचे धरले गेले तरी पडायचे एकाच जागी. सेनगाव भरलं तसं खरं काय ते वर आलं.

त्या दिवशी मी हिंगोलीलाच होतो. ताईंचा फोन आला, की जरा या, एका घराचं काहीतरी झालंय. मी काळीपिवळी जीपमध्ये बसून निघालो. पोहोचलो तेव्हा सचिव आधीच आलेले होते. आणि दाराशी, चपला काढून, भिंतीला धरून ताईंच्याच तांड्यावरचा एक माणूस उभा होता. त्याच्या बाजूला दोन मुली. मोठी तेरा वर्षांची असेल, दोन वेण्या, सातवीत. धाकटी सहा-सात वर्षांची, तिनं मोठीच्या ओढणीचं टोक मुठीत धरलेलं.

ताईंनी मला खुर्ची दिली. मी बसलो.

यादीत मोठीला सेनगाव मिळालं होतं आणि धाकटीला जवळा बाजार. म्हणजे जिल्ह्याचं एक टोक आणि दुसरं टोक. बाप म्हणाला, "साहेब, ही धाकली तिच्याबिगर पाणी बी पीत न्हाई. दोघींना एका जागी ठेवा. न्हाईतर मला दोघींना सोबत न्यावं लागंल. परवा ट्रक हाय."

दोघींना सोबत नेणं म्हणजे काय हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. आई-बाप उसाच्या फडात असले की मोठीनं कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, स्वयंपाक करायचा, धाकटीला सांभाळायचं, आणि शाळा सुटायची ती सुटायची.  मोठी एकदा सचिवांकडं बघायची, एकदा माझ्याकडं. तिच्या काखेत दप्तर होतं. वसतिगृहात जायचं म्हणून भरून आणलेलं असावं.

सचिव माझ्याकडं वळले. "साहेब, हे नेमकं काय झालं ते सांगा. सॉफ्टवेअरची चूक असेल तर यादीच चुकीची आहे, मी आत्ता सही करून दुरुस्त करतो, सेनगावला एक गादी जास्त टाकू. पण फॉर्मच तसा भरला गेला असेल तर नियमानं पुन्हा फॉर्म, पुन्हा तपासणी. पंधरा दिवस जातील."

ताई म्हणाल्या, "सर, मी एकच घर टाकलं. दोन पोरी, एक घर. हे बघा ना." आणि तो जड मॉनिटर दोन्ही हातांनी धरून त्यांनी सचिवांकडं वळवला. पडद्यावर एक घर होतं. बापाचं नाव, आईचं नाव, खाली दोन मुली.

मी माझ्याजवळची हिंगोलीची छापील यादी बघितली. सर्व्हरवर त्याच बापाच्या नावाची दोन घरं होती, प्रत्येकात एक मुलगी. आणि मला कळलं. तिथल्या तिथं, त्या मोडक्या खुर्चीत बसल्या बसल्या सगळं लख्ख कळलं. माझी ती एक ओळ डोळ्यांसमोर आली.

बोलायला मला एक वाक्य पुरलं असतं. ताईंचं बरोबर आहे, चूक आमची आहे, सही करा. एवढंच. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात सचिव म्हणाले, "म्हणजे मशीनवर विश्वास ठेवायचा की न्हाई, तेच आधी कळू द्या. न्हाईतर आपले कागद बरे होते." मला मालक दिसला, गेलेलं काम दिसलं, गेलेली नोकरी दिसली. आणि खरं सांगायचं तर त्याहूनही आधी मला दिसलं ते हे, की सचिव मला पुन्हा कधी साहेब म्हणणार नाहीत. म्हणतील, पोरगं कुठलं, साखऱ्याचं का?

मी म्हणालो, "ताईंच्या पडद्यावर जे दिसतंय ते इथलं जुनं चित्र आहे. खरं ते सर्व्हरवरचं. तिथं दोन घरं आली आहेत. म्हणजे पाठवताना दोनदा वेगवेगळी भरली गेली असतील."

सर्व्हर हा शब्द मी असा काही उच्चारला, की पुढं कोणी प्रश्न विचारू नये. आणि कोणी विचारलाही नाही. अजून लाज वाटते ती याची. खोटं बोललो याची वाटतेच, पण इतकं सराईतपणे बोललो याची जास्त.

ताई माझ्याकडं बघत राहिल्या. "न्हाई सर, मी दोनदा कशाला भरू?" एवढंच म्हणाल्या. सचिवांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी ताईंना एक कोरा कागद दिला आणि फॉर्म भरताना नजरचूक झाली असं लिहून द्यायला सांगितलं. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. "माणसाकडून होतं पोरी, पण कागदावर आलं पाहिजे." ताईंनी लिहून दिलं. सुंदर अक्षर होतं त्यांचं. पुन्हा भरायचा फॉर्म त्यांनी तिथल्या तिथं भरायला घेतला, पण पंधरा दिवस ते पंधरा दिवस.

बापाला ही सगळी बोलणी कळली नसावीत. त्याला एवढंच कळलं की कागद ताईंनी लिहून दिला, म्हणजे चूक ताईंची. तो त्यांना त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाला. फार नाही, एक-दोन वाक्यं. ताईंची मान खाली गेली. मग त्यानं चपला घातल्या आणि मुलींना घेऊन गेला. धाकटी खूश होती, तिला वाटलं आता दोघी एका जागी जाणार. आणि झालंही तसंच. दोघी एकाच ट्रकमध्ये गेल्या.

मी औरंगाबादला परतलो आणि मालकाला सांगून आठ-दहा दिवसांचं ते काम करायला घेतलं. का, हे त्याला सांगितलं नाही. वेग वाढेल म्हणालो. घरांना क्रमांक दिले, दोन्ही बाजूंनी धागे बांधले. सर्व्हरवर जी घरं फुटून दोन झाली होती ती शोधून पुन्हा एक केली. मग सेनगावला येऊन ताईंच्या कॉम्प्युटरवर नवं सॉफ्टवेअर चढवलं. ताईंनी खुर्ची पुसून दिली. मी म्हणालो, "किरकोळ सुधारणा आहेत." त्या "बरं" म्हणाल्या. त्या दिवसानंतर हिंगोलीच्या यादीत त्या दोन बहिणींचं एकच घर दिसायला लागलं. पंधरा दिवसांची तपासणी झाली, दोघींना सेनगाव मिळालं. फक्त घ्यायला दोघींपैकी कोणी तिथं नव्हतं.

वर्षभर मी ही गोष्ट कोणाला बोललो नाही. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी फॉर्म सुरू झाले, तेव्हा मी पुन्हा सेनगावला गेलो. ताई फॉर्म भरत होत्या. मी मागं बसून बघत होतो आणि पडद्यावर ते घर आलं. बाप, आई, आणि खाली एकच नाव. धाकटीचं.

मी विचारलं, "मोठीचा फॉर्म?"

"मोठी आई-बापाच्या हाताखाली लागली आता," ताई म्हणाल्या. "धाकलीला ताप येऊन राहिला होता तिकडं, म्हणून यंदा तिला ठेवून राहिले. मोठी जाणार हाय."

ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं. वर्षभर जे जमलं नव्हतं ते मी बोलून टाकलं. "ताई, मागच्या साली ती चूक तुमची नव्हती. माझी होती."

त्यांनी टायपिंग थांबवलं नाही. "ठाऊक हाय मला."

"कधीपासून?"

"तुमी येऊन ते किरकोळ काहीतरी बदलून गेले. त्याच्या नंतर एक बी घर फुटलं न्हाई. मी तर जशी आधी टाकत होते तशीच टाकून राहिले." मग त्या वळल्या. "मला वाटलं एखाद्या दिवशी तुमीच सांगताल."

 मी विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कोणाला बोलू? माझ्या सहीचा कागद हाय फाइलीत." मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग सर. तांड्यात जाऊन सांगा. तिथं राहावं लागतं मला. त्या घरचं माणूस वर्ष झालं माझ्याशी बोलत न्हाई. त्या पोरींची आई विहिरीवर मला बघून घागर उचलून जाती."

मी त्याच दुपारी गेलो. तांडा सेनगावपासून फार लांब नाही. सोयाबीन निघालं होतं, दारादारात ढीग पडले होते. बाप अंगणातच होता. मला बघून त्यानं घाईघाईनं बाज ओढली आणि तिच्यावर गोधडी टाकली. "बसा साहेब." मी म्हणालो, नको, उभा आहे तोच बरा. त्यानं ऐकलं नाही. शेवटी बसलो.

मी सांगितलं. यंत्राचं काही सांगत बसलो नाही. म्हणालो, ताईंनी फॉर्म नीट भरला होता, मशीन मी बनवलं होतं, चूक मी केली होती आणि त्या दिवशी खोटं बोललो. तो ऐकत होता. मला वाटलं शिव्या देईल. मला त्या हव्याही होत्या.

"म्हंजी तिनं न्हाई केलं?" त्यानं विचारलं.

"नाही."

"अन् मी तिला त्या दिवशी म्हणलो, तू तांड्याची होऊन तांड्याची पोरगी बुडवली." तो उठला.  बायकोला हाक मारली, तिला दोन वाक्यांत सांगितलं आणि दोघं तसेच ताईंच्या घराकडं चालत गेले. मी बाजेवर एकटा.

मोठी मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं दारामागून सगळं ऐकलं असणार. वर्षभरात ती उंच झाली होती. हातांवर उसाच्या पात्यांनी कापल्याच्या बारीक बारीक खुणा होत्या. तिनं तांब्या ठेवला, पण गेली नाही.

"मग साहेब, तुमची चूक हाय तर मला आता घेतील का?"

वर्ष बुडालेल्या पोरांना संस्था सहसा घेत नसे. सचिवांच्या सहीनं घेता यायचं, पण सहीला कारण लागायचं. कारण होतं. धडधडीत होतं, आणि ते सांगू शकणारा माणूस जगात एकच होता.

"विचारतो," मी म्हणालो. "हिंगोलीला गेल्यावर विचारतो."

"ट्रक यायच्या आधी विचारा," ती म्हणाली. "आठ दिवस हायत."

तांड्यातून बाहेर पडताना माझं मन हलकं झालं होतं. कबूल केलं, मोकळा झालो, असं वाटत होतं. रस्त्यावर जीप मिळेपर्यंत तेवढं टिकलं. जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं, की आजचं सांगणं मला काहीच महाग पडलेलं नाही. तांड्यातल्या माणसानं मला बाजेवर गोधडी घातली होती. तो माझं काय बिघडवणार होता? महाग पडणार होतं ते हिंगोलीत.

दोन दिवसांनी मी हिंगोलीला संस्थेच्या ऑफिसात गेलो. सचिव टेबलाशी बसले होते. मागच्या कपाटात फायली होत्या, त्यातल्या एकीत ताईंच्या अक्षरातला तो कागद असणार. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "या साहेब! यंदा याद्या काय झकास लागल्यात. मी सगळ्यांना सांगतो, हे आपल्या साखऱ्याच्या पोरानं केलंय." त्यांनी स्वतः उठून खुर्ची ओढली. चहा सांगितला. पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यांतही हेच बसवायचं त्यांच्या मनात होतं, ते बोलत राहिले. मी हो हो करत राहिलो. चहा आला, संपला.

मग ते थांबले आणि म्हणाले, "बोला. काही काम काढलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही सर. सहजच आलो होतो."